जाऊन राहिलो

शेजारच्या काकांची स्कूटर जुनी आहे, गिअरची, मागे स्टेपनी असलेली. किक मारण्याआधी ते तिला डावीकडे झुकवतात, लेकराला दूध पाजताना बाटली कलती करावी तसे. मग पेट्रोल उतरतं आणि ती फटफट करत जागी होते.

"कुठं निघाले, काका?"

"अमरकंटकले जाऊन राहिलो, मास्तर."

आमच्या पांढुर्ण्यात 'जाऊन राहिलो' म्हणजे आत्ता निघालो, नाहीतर कधीतरी जाईन. काका रिटायर झाल्यापासून तिकडे दूर नर्मदेच्या उगमाला, अमरकंटकला जाऊन राहिलेत. दर रविवारी ट्रायल म्हणून सौंसरजवळ जामसांवलीला जातात, मारुतीला नारळ फोडतात आणि जेवायला घरी येतात. पुढे सिल्लेवानीचा घाट आहे ना!

"घाटात दमली तं?" हे ते मला बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारतात. स्कूटरनं ऐकू नये म्हणून.

गल्ली हसायची. मला मात्र धाकधूक वाटायची, की हा माणूस ट्रायल घेता घेताच म्हातारा होणार.

गेल्या रविवारी पहिल्यांदाच काकू मागे बसल्या. दुपार टळली तरी दोघं आले नाहीत, म्हणून मी फोन लावला. पलीकडे नुसता वारा वाहत होता.

"काका, कुठं आहा?"

"घाट चढली न ते! जाऊन राहिलो, मास्तर."

मागून काकू ओरडल्या, "त्याइले सांगा, उद्या नळ आले का आमचीबी टाकी भरून ठेवजा!"