सांडपाण्याची सोय : आहे

एप्रिलमधला सोमवार, सकाळचे पावणेआठ. ठिकाण : मलकापूर रोडवरचा तलाव, शहराची पावसाळी नाली जिथे येऊन पडते तो काठ. हजर : मी (नगरपरिषदेची स्वच्छता निरीक्षक), आमचे मुकादम शेषराव, आणि किसनभाऊ, ज्यांनी या तलावात मासे सोडलेत. पंचनामा असाच सुरू होतो, म्हणून मीही तसंच लिहिते आहे.

नालीच्या तोंडातून ताकासारखं पांढरं पाणी पडत होतं. वास आंबट आणि उग्र. काठालगत मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

"पहाटपासून असेच वर येऊन राह्यले, मॅडम," किसनभाऊ म्हणाले. "श्वासच नाही भेटून राह्यला त्याईले. महिन्याभरानं जाळं टाकाचं होतं."

"मेले किती?"

"टोपलंभर. बारके हायेत. मोठे गेले तर माहं वर्ष गेलं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मोरी-संडासाचं पाणी नेते ती भुयारी गटार वेगळी. ती शुद्धीकरण केंद्राला जाते. रस्त्याकडेची पावसाळी नाली फक्त पावसासाठी असते. तिच्या वाटेत केंद्र नाही, साधी गाळणीही नाही. तिच्यात जे पडेल ते थेट तलावात.

सीओ साहेबांना, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांना, फोन लावला.

"मोताळा रोडवरची तेलाची मिल असणार," ते म्हणाले. "नोटीस काढा."

काठावर जमलेल्या मंडळींनीही मिलचंच नाव घेतलं. मिल मोठी आहे, धूर सोडते, मालक बाहेरगावचा. नाव घ्यायला सोपी.

"सर, आधी झाकणं उघडते. दोन तास द्या."

घाण शोधायची आमची रीत एकच. तोंडापासून उलटं वर जायचं, एकेक झाकण उघडायचं आणि वहीत लिहायचं. पहिलं झाकण पांढरं. दुसरं पांढरं. तिसऱ्याशी नालीला दोन फाटे फुटतात. डावा फाटा मिलकडून येतो. तो कोरडा ठणठणीत होता, तळाशी पालापाचोळा. उजव्या फाट्यात पांढरं पाणी. आंबटपणा ओळखायची कागदी पट्टी बुडवली, ती लगेच नारिंगी झाली.

शेषराव वाकले, त्यांनी वास घेतला आणि पुन्हा वाकून एकदा घेतला.

"काय झालं?"

"काही नाही."

"शेषराव, बोला."

"मॅडम, हा वास कंपनीचा नाही हो. आमच्या मायच्या अंगनातला हाय. कुरडयाचा."

ते बरोबर होते. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलतात. मग वाटून चीक काढायचा, तो खाली बसला की वरचं आंबट पाणी ओतून द्यायचं. घरी पाच-सहा किलो गहू असतो. ते पाणी अंगणात, झाडांखाली जिरतं. सातव्या झाकणापाशी उजवा फाटा जिथे संपला, तिथे महिला बचत गटाचं शेड होतं, आणि आत गव्हाचे बारा ड्रम.

गटाच्या अध्यक्षा निर्मलाताई पातेल्यात चीक हाटत होत्या. बाहेर प्लास्टिकवर कुरडया वाळत होत्या.

"या मॅडम! गरम चीक खाऊन जा. तेल-मीठ टाकू का साखर?"

"ताई, वरचं पाणी कुठे ओतता?"

"नालीत. काऊन?"

मी तलावाचं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"आमी काय केमिकल टाकतो का? गहूच तर हाय!"

"गहू आहे म्हणूनच. तो पाण्यात कुजतो आणि कुजताना पाण्यातली हवा खातो. माशांना उरत नाही."

"पण नाली तुमीच दाखवली होती. थांबा!"

त्यांनी आतून फाइल आणली. शेडच्या तपासणीचा फॉर्म, दोन वर्षांपूर्वीचा. रकाना सहावा : सांडपाण्याची सोय. पुढे बरोबरची खूण आणि 'आहे'. खाली माझी सही.

अक्षर माझंच होतं. शेडपुढे नाली दिसली, मी खूण केली आणि पुढच्या रकान्यावर गेले. मला यादी पूर्ण करायला आवडतं. त्या दिवशी ती फारच लवकर पूर्ण झाली होती.

"खाऊन घ्या आता चीक," निर्मलाताई म्हणाल्या. "सही केल्यावर कोणी उपाशी नाही जात."

बायका हसल्या. मीही हसले, आणि वाटी घेतली. साखर घालून.

फोनवर साहेब म्हणाले, "शेड सील करा."

"सर, बारा ड्रम भिजलेला गहू आहे. सील केलं तर परवा तोच वास दुप्पट येईल. नालीत ओतणं आत्ता बंद केलंय. संध्याकाळपर्यंत मी जागा शोधते."

पुढची कामं भराभर झाली. नालीच्या तोंडाशी रेतीच्या गोण्या लावल्या. मागे साचलेलं पाणी उपसायच्या गाडीने ओढलं. अग्निशमनचा पंप तलावावर नेला आणि तलावाचंच पाणी उंच उडवून परत तलावात पाडलं. पाणी हवेतून पडलं की हवा घेऊन पडतं. माशांना तेवढंच हवं असतं.

आणि ड्रममधलं पाणी? आमच्या कंपोस्ट डेपोत उन्हाळ्यात खताचे ढीग कोरडे पडतात, म्हणून आम्ही त्यांच्यावर चांगलं पाणी मारत होतो. आता रोज दुपारी टँकर शेडवरून पाणी नेतो. राहिलेला चोथा शेजारचा गोठेवाला नेतो, चाऱ्यात थोडा-थोडा मिसळून घालतो.

तिसऱ्या सकाळी तलावावर गेले. पाण्यावर एकही तोंड दिसत नव्हतं.

"कुठे गेले सगळे?" मी घाबरूनच विचारलं.

"खाली," किसनभाऊ म्हणाले. "दिसले नाही म्हंजे बरे हायेत."

मे महिन्यात त्यांचं जाळं भरून निघालं. निर्मलाताईंच्या कुरडया मलकापूरच्या व्यापाऱ्याकडे वेळेवर पोचल्या. तेलाच्या मिलला नोटीस गेली नाही. अर्थात तिच्या मालकाला हे कधी कळलंही नसेल.

पंचनाम्यात 'कारण' या रकान्यात मी लिहिलं : तपासणीच्या वेळी नाली कुठे जाते हे निरीक्षकाने पाहिले नाही.

"स्वतःचं कशाला लिहिता?" साहेबांनी विचारलं.

"सर, रकाना कारणाचा आहे."

त्यांनी सही केली.

सोय आहे का, हा अर्धाच प्रश्न असतो. छापील फॉर्मवर अजून तेवढाच आहे. जुना गठ्ठा संपेपर्यंत नवा छापणार नाहीत. म्हणून सहाव्या रकान्याखाली मी पेनाने एक ओळ वाढवते : 'पाणी शेवटी कुठे पडते?'

मग जुन्या फायली काढल्या. नाली बघून मी 'आहे' लिहिलेली सतरा ठिकाणं निघाली. त्यांची यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. नऊ ठिकाणची झाकणं उघडून झाली, त्यांवर रेघ मारली. दहावं गाड्या धुण्याचं सेंटर आहे, तलावापासून दोनच झाकणं वर. पाऊस यायच्या आत तिथून सुरुवात करून आठ ठिकाणं बघायची आहेत.