अमावास्येला जुंपलेली घोडी

गहिनीनाथाच्या अंगात वारं शिरलंय, असं तिसगावच्या बाजारात सगळेच म्हणायचे. जेवायला बसला तरी गड्याचा एक पाय ओसरीखाली. रानात तोडलेली झाडं ओढून सडकेला आणायची, हा त्याचा धंदा. बहात्तरच्या दुष्काळात चाऱ्यावाचून एक बैल गेला, दुसरा त्यानं सासऱ्याच्या दावणीला धाडला. तर हा पठ्ठ्या नगरला जाऊन बन्सी टांगेवाल्याची घोडी घेऊन आला! बन्सीनं टांगा मोडून रिक्षा धरली होती. घोडी मात्र गुणाची. गहिनीनाथ तिला लाडानं 'बायडे' म्हणायचा.

त्या दिवशी अमावास्या. शिवारात कुणी औत धरलं नव्हतं, बैलाच्या मानेवर जू ठेवलं नव्हतं. गाव पारावर निवांत, आणि याला घरात करमेना. सारखं आत-बाहेर, आत-बाहेर. ओढ्यापलीकडं कडुलिंबाचं एक सरळसोट खोड पडलं होतं. जन्मभर लोकांची लाकडं ओढली, हे मात्र त्यानं स्वतःच्या घराच्या आढ्यासाठी राखलेलं.

"आज नगं," बायको झुंबरबाई म्हणाली.

"अगं, अमावास्या बैलाची असती. घोडीला कशाची आलीया?"

"तुमच्यापुढं डोकं फोडून उपेग न्हाई!" असं म्हणत तीही कुऱ्हाड घेऊन मागं निघाली.

त्यानं घोडीच्या छातीला पट्टा बांधला, बैलांना बांधायचा तसाच जाड दोर आवळून खोडाला गाठ मारली. इथंच चुकलं. उतारावर लाकूड मागून सरकलं, तर बैल पाय रोवून तटून उभा राहतो. घोडीचं तसं नाही. ओढ्याच्या काठचा उतार लागला, तसं खोड घरंगळत तिच्या मागच्या पायांवर आलं आणि ती बिथरली. अशी काही उसळली, की खोड काठावरून कलंडून ओढ्याच्या खोल घळीत लोंबकळायला लागलं. दोर ताणला. घोडी मागं मागं ओढली जायला लागली, खुरांखालची माती ढासळायला लागली.

गहिनीनाथ गाठीशी झोंबत राहिला. गाठ कसली सुटतेय!

"कापा वो दोर!" झुंबरबाईनं कुऱ्हाड त्याच्या हातात कोंबली.

"आढं जाईल!"

"जाऊ द्या मसणात! ती चाललीया!"

त्यानं घोडीकडं पाहिलं. तिचे डोळे पांढरे झाले होते. मग घाव घातला, दुसरा घातला, आणि दोर तुटला. खाली खोड आदळून उभं चिरफाळलं. त्याचा आवाज ऐकूनही त्यानं मान वळवली नाही.

घोडी लटलट कापत उभी होती, मागच्या पायातून रक्त येत होतं. तिनं पाय टेकला, पाऊल टाकलं. मोडला नव्हता. गहिनीनाथानं तिच्या गळ्याला मिठी मारली आणि हा बाप्या हुंदके देऊन रडायला लागला.

"चुकलो गं बायडे, चुकलो मी!"

झुंबरबाई पदर फाडून घोडीच्या पायाला बांधत होती. तिचा हात थांबला.

"काय वो," ती डोळे पुसत म्हणाली, "इतकी वर्सं नांदले तुमच्याजवळ. मला एकदा तरी म्हनलात का असं?"