श्यामकांतच्या पिंडाला कावळा शिवेना

श्यामकांत मेला तेव्हा रुक्मिणी रडली नाही, आणि दहाव्याला तर तिच्या डोळ्यांत नुसती आग होती. का नसावी? जोगेश्वरीच्या त्या एका खोलीत तिने नवऱ्याचं पोट माठासारखं फुगताना पाहिलं, डोळे पिवळे होताना पाहिले, शेवटी रक्ताच्या उलट्या आपल्या हातांनी पुसल्या. त्याआधीचा मार तर विचारूच नका. एकच गोष्ट तिने दातओठ खाऊन जपली होती: पोराला त्या घाणीपासून लांब ठेवलं. नितेश एसी दुरुस्ती शिकला, कमावता झाला. "माझा नितेश थेंबाला शिवत नाही," हे ती चाळीत ठणकावून सांगायची.

स्मशानातल्या कट्ट्यावर पिंड ठेवला, तर कावळा येईना. समोरच्या पिंपळावर ढीगभर बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. "तुमच्या माघारी घर सांभाळू," म्हणून झालं, हात जोडून झाले. कावळे ढिम्म.

मग धाकटा दीर चंद्रप्रकाश पुढे सरसावला. "वयनी, भाऊचो जीव कशात अडाकलो हा ता सगळ्यांका म्हायत हा," म्हणत त्याने खिशातून क्वार्टर काढली. मागे श्यामकांतचे पिणारे दोस्त माना डोलवायला लागले. हेच ते मुडदे, इस्पितळातसुद्धा थंड पेयाच्या बाटलीतून त्याला दारू पाजून आलेले!

"भावोजी, आत घाला ती!" रुक्मिणी कडाडली. "राहू दे मेल्याला उपाशी. जिवंतपणी कमी ओतलीत का त्याच्या घशात?"

"आई, जाऊ दे ना," नितेश पुटपुटला. "दोन थेंब वाहतो नि मोकळे होऊ. लोक खोळंबलेत." त्याने काकाच्या हातातून बाटली घेतली.

घेतली ती उलटी केली, बुडावर कोपराचा एक ठोका दिला आणि न बघताच झाकण कर्रकन फिरवलं. अगदी सराईत. श्यामकांत अशीच उघडायचा. पण नितेशसमोर तिने त्याला कधी बाटली उघडू दिली नव्हती.

रुक्मिणीने त्याचं मनगट धरलं.

"कधीपासून रे?"

"काय कधीपासून?" म्हणता म्हणता नितेशची नजर स्वतःच्या हातांवर गेली. त्याचा चेहरा उतरला. "आई, लोक बघतायत."

"बघू देत!" तिने बाटली हिसकावली आणि सगळी मातीत ओतली. मग गुरुजींकडे वळली.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करा नि उरका लवकर. गेला तो गेला. मला आता ह्याच्याकडे बघायचंय."