गोवराची सुई राहून गेली

मंद्रूपची चंद्रिका लग्न होऊन सोलापुरात आली आणि सासूच्या शेजारी बसून विड्या वळायला शिकली. नवरा भीमाशंकर यंत्रमागावर टॉवेल विणायचा. घरच्या दोघी सकाळी कारखान्यात विड्या देऊन यायच्या, नवी पानं-तंबाखू आणायच्या आणि दिवे लागेपर्यंत सूप मांडीवर घेऊन बसायच्या. हात थांबला की चूल थांबली, असा हिशेब.

महेश्वर झाला तेव्हा सुरुवातीच्या लशी तिनं वेळेवर दिल्या. पण तिसऱ्या खेपेला टोचल्यावर पोराला ताप भरला. दोन दिवस ते मांडीवरून उतरेना. सूप कोपऱ्यात पडून राहिलं. विड्या कमी भरल्या म्हणून कारखान्यातल्या माणसानं चार बायकांसमोर तिला बोल लावला, पुढचे काही दिवस पानंही कमीच दिली.

सासू बसव्वा म्हणाली, "चांगल्या पोराला टोचून आजारी कशाला पाडायचं? आमची पोरं वाढलीच की."

नऊ महिने झाल्यावर वस्तीतली आशा कार्यकर्ती रेश्मा दारात आली. "चंद्रिका, आज गोवराचं इंजेक्शन हाय. अंगणवाडीत ये."

"ताई, आत्ता विड्या द्यायला जायची येळ. पुढच्या टायमाला नक्की."

पुढच्या खेपेला ती धाकट्या बहिणीच्या लग्नाला मंद्रूपला होती. त्याच्या पुढच्या खेपेला भीमाशंकरचे माग बंद पडले होते आणि घर नुसत्या विड्यांवर चाललं होतं. रेश्मा आली, बोलली, परत गेली. एकदा चिडलीसुद्धा. सकाळी बायका मोकळ्या नसतात हे तिलाही कळत होतं, पण लशीची वेळ तिच्या हातात नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाला गल्लीत गोवर शिरला. महेश्वर तेव्हा धरून धरून चालायचा, दिवसभर "अव्वा, अव्वा" करत आईच्या पदराला लोंबकळायचा. त्याच्या अंगावर लाल पुरळ उठलं तशी बसव्वानं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. "देवी आलीया. दवाखान्यात न्हेऊ नको, कोपती ती."

चंद्रिकाला जायचं होतं. पण नेल्यावर पोराचं काही बरंवाईट झालं तर बोल आपल्यावरच येणार, या भीतीनं तिनं त्याला नेलं नाही. ताप चढत गेला. पोराचे डोळे फिरले, अंग ताठ झालं, तेव्हा भीमाशंकरनं आईचं काही न ऐकता त्याला उचललं आणि रिक्षात घातलं.

पोर वाचलं. घरी आलं, खाऊ-पिऊ लागलं. बसव्वानं देवीला नैवेद्य केला.

एके दिवशी चंद्रिकाच्या हातून पितळी घागर निसटली. फरशीवर एवढा मोठा आवाज झाला की शेजारीण धावत आली. महेश्वर पाठमोरा बसला होता. तो हललाच नाही. चंद्रिकानं मागून टाळी वाजवली. नाव घेतलं. मग ताट आपटलं, पुन्हा पुन्हा आपटलं. भीमाशंकरनं येऊन तिचे हात धरले.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. गोवराच्या तापानं दोन्ही कान गेले होते. ऐकू येईना तशी पोराची वाचाही विरत गेली. "अव्वा" हा एकच शब्द काही दिवस अर्धामुर्धा टिकला, मग तोही थांबला.

"दवाखान्यात न्हेऊ नको मीच म्हनले," बसव्वा एकदा म्हणाली.

"इंजेक्शन मी चुकवलं, अत्ती," चंद्रिका म्हणाली.

आता महेश्वर पाच वर्षांचा आहे, मूकबधिर मुलांच्या शाळेत जातो. परवा शेजारची वैजयंती दारात बसून विड्या वळत होती. तिची मुलगी नऊ महिन्यांची झालीय. रेश्मानं हाक मारली, तशी ती म्हणाली, "आज न्हाय जमत ताई, विड्या व्हायच्यात अजून."

चंद्रिका उठली, तिच्या पुढ्यातलं सूप तिनं आपल्या मांडीवर ओढलं.

"जा. मी वळते तुझ्या."

"वैनी, पण तुमच्या?"

"माझ्या राहू देत. तू जा आधी."

वैजयंती लेकीला कडेवर घेऊन निघाली. चंद्रिकानं पान हातात घेतलं, पण बराच वेळ तिला ते वळताच आलं नाही.