लाटण्याची जागा

रिटायर झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी सकाळी कोपऱ्यावर वाळूजच्या कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला अन् मी अर्धा चहा टाकून उठलो. डबा कुठाय म्हणून ओरडलोसुद्धा. बायको कांदा चिरता चिरता म्हणाली, "बसा गप. ती बस तुमची नाय आता."

बसलो. पण बसावं कुठं? सोफ्यावर बसलो तर, "जरा सरका, झाडायचंय." गॅलरीत गेलो तर, "सरका, कपडे वाळत घालायचेत." स्वयंपाकघरात तर पाऊल ठेवायची सोय नाही. या घरात झाडूलासुद्धा दाराआड स्वतःचा कोपरा आहे अन् मला नाही, याचं लई वाईट वाटलं.

कंपनीत माझी सारी हयात टूल-रूममध्ये गेली. तिथं भिंतीवरच्या बोर्डावर प्रत्येक पान्याची आकृती काळ्या रंगानं काढलेली असते. काम झालं की पाना आपल्या आकृतीवर टांगायचा. आकृती रिकामी दिसली की समजायचं, कुणीतरी ढापलाय. आणि आमच्या घरात? झारा मागितला की बायको सगळे ड्रॉवर खडखडवणार अन् झारा निघणार पोह्यांच्या डब्यात! म्हटलं थांब, या घराला वळण लावतो.

ती शेजारच्या खालांबरोबर शहागंजला खरेदीला गेली, तेवढ्यात मी डाव साधला. ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्सवर एकेक वस्तू धरून ऑइलपेंटनं कडा गिरवल्या, आत काळं भरलं, वर हूक ठोकले. लाटणं, झारा, पळी, किसणी, रवी, सांडशी. एकट्या तव्यानंच निम्मा डबा रंग खाल्ला.

दोघी परत आल्या. बायकोच्या हातातली पिशवी तिथंच गळाली. खालांनी कानांना हात लावले. "या अल्ला! भाईजान, दीवार पे इत्ते भूतां कायकू बिठाए?"

बायकोचा आवाज फुटला तो गल्लीच्या टोकापर्यंत. "स्वयंपाकघर हाय का तुमचं वर्कशॉप? पुसा हे आत्ताच्या आत्ता!" मी थिनर घेऊन घासत बसलो. टाइल्सची चकाकी गेली, पण रंगवलेली रवी होती तिथंच. शेवटी तिनं हुकूम सोडला, "ठीकाय. भिंत तुमची, तर जेवणानंतरची भांडीपण तुमचीच."

शिक्षा होती हो ती. पण मला तर लॉटरीच लागली! रोज जेवणं झाली की घासायचं, कोरडं पुसायचं, टांगायचं. लाटणं लाटण्यावर, झारा झाऱ्यावर. शेवटी तवा आपल्या काळ्या गोलावर बसला की भिंत भरून जायची अन् पोटात असं गार वाटायचं, काय सांगू! जेवण कधी एकदा संपतंय याचीच मी वाट बघायला लागलो. बायको विचारायची, "अजून एक पोळी?" मी म्हणायचो, "बास, ताट दे इकडं."

मग एके दिवशी पळीची जागा रिकामी! माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यात तो नळाला पाणी येण्याचा दिवस, म्हणजे आमच्याकडं सणच. बायको पाइप घेऊन टाकी, ड्रम, बादल्या, कुकरसुद्धा भरत होती आणि मी तिच्या मागं मागं, "पळी कुठाय? आधी पळी सांग!"

"अहो, सरका की हो!"

सरकलो. सरकलो तो थेट भरल्या बादलीत बसलो.

त्याच वेळी खाला दारात आल्या, हातात पळी. "कल दाल के साथ आ गई थी ये." मी बादलीत बसल्या बसल्याच पळी घेतली, सदऱ्याला पुसली अन् बायकोपुढं धरली, "टांग तिला आधी." खाला हसता हसता चौकटीला टेकल्या.

बायको हसली नाही. "एवढं काय लावून घेता जिवाला? पळीच हाय ती."

"तिला जागा तरी हाय," मी म्हणालो. "मी कुठं टांगून घेऊ?"

बोलून गेलो खरा. बादलीत बसून रडणं बरं दिसत नाही, म्हणून खोटंच शिंकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारची झोप झाली अन् रंगाचा वास आला. स्वयंपाकघरात बायको फरशीवर उकिडवी बसलेली, हातात माझा ब्रश, बोटं काळी. भांडी घासतो त्या सिंकसमोर तिनं दोन पावलं काढली होती. माझे कंपनीतले सेफ्टी शूज ठेवून कडा गिरवल्या होत्या. बुटांचे तळवे पार बरबटलेले.

"बूट वाया गेले," ती मान वर न करता म्हणाली. "आता ते घालून कुठं जायचं काम नाय. ही तुमची जागा. ऑइलपेंट हाय, निघायचा नाय."

मी पाऊल उचललं तशी खेकसली, "थांबा की! वाळू द्या!"

मग मी दारातच उभा राहिलो, अगदी मधोमध. ती कितीदा तरी अंग चोरून आत-बाहेर गेली, पण 'सरका' काही म्हणाली नाही.