सेंद्रिय डाळिंबाचा भाव

मी डाळिंबाला औषध मारायचं सोडलं तेव्हा सगळ्यात जास्त करमणूक झाली ती माझ्या थोरल्या भावाची. वाटणीनंतर आमच्या दोन बागांमध्ये नुसता एक बांध. पश्चिमेला दादाची, पूर्वेला माझी. अळी लागू नये म्हणून मी एकेका फळाला कागदी पिशवी बांधत बसायचो, तर हा बांधावरून ओरडायचा, "टोपडी घालून झाली का रं लेकरांना? तीट बी लाव की!" त्याची सगळी भिस्त फवाऱ्यावर. त्याचंही काही चुकत नव्हतं. त्याची फळं लालबुंद, चकचकीत निघायची. माझी बारकी आणि डागाळलेली.

'सेंद्रिय' असं लेबल मिळायला तीन वर्षं लागतात. तोवर राबायचं सेंद्रिय आणि विकायचं साध्याच भावानं. तिसऱ्या वर्षी तपासणीवाले साहेब आले, बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "शेजारचं औषध वाऱ्यानं इकडे येणार. फळात अंश सापडला तर पुन्हा पहिल्यापासून." मी दादाला म्हणालो, "वारं बगून फवार की जरा." तो "बरं" म्हणाला आणि कामाला लागला.

त्या वर्षी ऐन फळं भरायच्या वेळी पश्चिमेचं वारं सुटलं ते पडेचना. मी माझ्याच धावपळीत. पिशव्या, मजूर, तपासणीला फळं पाठवणं. बांधापलीकडे डोकावायचं सुचलंसुद्धा नाही. शेवटी अहवाल स्वच्छ आला, लेबल मिळालं. शहरात नव्या पेठेतून पेढे घेतले आणि थेट दादाच्या बागेत शिरलो.

झाडांखाली फळांचा सडा पडला होता. एक उचलून फोडलं तर आत अळी. दुसरं फोडलं, तेच. दादा खाली बसून किडकी फळं पाटीत भरत होता.

"दादा, फवारलं न्हाईस व्हय?"

"कवा फवारू? वारं रोज तुज्याकडंच हुतं की." त्यानं हात पुसले आणि पेढा घेतला. "तुजं लेबल आलं न्हवं? मग झालं."

एकदा तरी बांध ओलांडून बघायला हवं होतं, ही हळहळ अजून जात नाही. पुढच्या वर्षी त्यानं बाग काढून ऊस लावला.

शहरात सात रस्त्याच्या एका दुकानात आता माझी डाळिंबं स्टिकर लावून विकली जातात, साध्या डाळिंबाच्या जवळजवळ दुप्पट भावानं. माल द्यायला गेलो की एखादं गिऱ्हाईक हटकून विचारतं, "एवढी महाग का हो?" मी शेणखत सांगतो, मजुरी सांगतो, तपासणीची फी सांगतो. त्यांना ते पटतंही. दादाच्या बागेचं सांगायला मात्र जीभ रेटत नाही.