निजण्याचा पगार

बोळिंजला केळीची मोठी वाडी असलेल्या एका घरी मी मूल सांभाळायला होते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा तापाने गेला. चांदीपला माहेरी भावजयीला मी नको होते. म्हणून वाडीच्या कडेला, वाडीवाल्यांनीच दिलेल्या झोपडीत एकटी राहायचे. तीही नावाला. दिवसभर मूल कडेवर, आणि रात्री त्यांच्या माजघरात पाळण्याखाली चटई टाकून, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पडायचे. मूल कुरकुरलं की झोपेतच पाय हलवायचा. पगार मात्र फक्त दिवसाचा.

एका सकाळी मी घरच्या वहिनींना म्हटलं, "वयनी, रातचं वेगलं द्या."

त्या वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाळ निजल्यावर तूही निजतेसच ना? निजण्याचे पैसे कोण देतं गे?"

"मंग आज तुमी बांधा दोरी."

"तोंड फार चालतं तुझं. परवडत नसेल तर जा. पोरी पुष्कळ मिळतील."

मी मूल त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि निघाले. डोकं तापलं होतं, पण हिशेब पक्का होता. ते मूल माझ्याशिवाय कोणाकडे निजत नसे. पुढे केळ्यांच्या व्यापारात मी भल्याभल्यांना नमवलं, ते समोरच्याची अडचण ओळखूनच. ती नजर त्या दिवशीही होती. दुपारपर्यंत बोलावणं येणार याची मला खात्री होती.

दुपारी माजघरातून रडणं ऐकू आलं, दबलेलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. मी झोपडीच्या दारात बसून राहिले.

मग आवाज एकाएकी मोठा झाला. पाहते तर वहिनींनी गड्याकडून पाळणा मागच्या पडवीत, नेमका माझ्या दारासमोर टांगून घेतला होता. स्वतः शेजारी बसल्या होत्या. झोका देत नव्हत्या, माझ्याकडे पाहतही नव्हत्या. माझी अडचण त्यांनीही ओळखली होती.

मी दात आवळून बसले. मूल रडून रडून खोकायला लागलं, त्याचा श्वास अडकायला लागला. सख्खी आई हातभर अंतरावर असून तिने उचललं नाही, हे मी आजही विसरलेले नाही.

मी उठले.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "आजचा खाडा धरत नाही, जा."

पगाराचं पुन्हा निघालं नाही. मूल माझ्या खांद्यावर हुंदके देत निजलं, तरी मुठीत धरलेला पदर त्याने सोडला नाही. तिन्हीसांज झाली. घरातली माणसं दिव्यापाशी गोळा झाली, मी अंधाऱ्या पडवीत उभी. समोर माझ्या झोपडीचं दार सताड उघडं राहिलं होतं. लावून येते म्हणायचं मनात आलं, पण म्हटलं नाही. आत न्यायला काही नव्हतं, आणि वाट पाहायला कोणी नव्हतं.